स्ट्रटोक_आर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत दर हीटला (वितळवलेल्या धातूच्या एका घाण्याला) लॉगमध्ये एक ओळ पडते: भट्टी, हीट नंबर, तापमान, वजन, ऑपरेटरचं नाव, मध्ये स्वल्पविराम. चार भट्ट्या, चार थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे). या ओळी फोडायला आठ महिने सी भाषेतलं स्ट्रटोक_आर (strtok_r) हे फंक्शन चालू आहे. विभाजक चिन्हं बघून ते ओळीचे तुकडे करतं. फंक्शन चोख आहे, पण त्याच्याविषयी लिहिलेलं अपुरं असतं. हेडर फाइलमधल्या कॉमेंटमध्ये (कोडशेजारच्या टिपेत) 'थ्रेड-सेफ', म्हणजे अनेक थ्रेडना एकदम वापरायला सुरक्षित, एवढंच टाकलं की वाचणारा नको तितका निर्धास्त होतो.

जुनं स्ट्रटोक आपण कुठवर आलो ती खूण एकाच स्टॅटिक पॉइंटरमध्ये, म्हणजे सगळ्यांना सामायिक अशा, मेमरीतला पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. दोन थ्रेडनी एकदम हाक मारली की एका भट्टीच्या ओळीला दुसरीचं शेपूट लागतं. थ्रेड एकच असला तरी बाहेरचा लूप ओळी आणि आतला लूप रकाने फोडत असेल तर आतल्याबरोबर बाहेरचाही गुंडाळला जातो. _आर मध्ये ही खूण तिसऱ्या अर्ग्युमेंटमधून (फंक्शनला दिलेल्या तिसऱ्या मूल्यातून) आपणच पुरवतो. ती लोकल हवी, प्रत्येक लूपला वेगळी हवी, आणि सुरुवातीला नल (रिकामी) ठेवावी, कारण काही सिस्टीमना ते लागतं. खूण कोणी स्टॅटिक केली की सगळं मुसळ केरात.

म्हणजे सुरक्षित आहे ती फक्त खूण. ज्या ओळीवर काम चालतं ती नाही. विभाजकाच्या जागी शून्य बाइट लिहिलं जातं, त्यामुळं दोन थ्रेडनी एकच बफर (ओळ ठेवलेली मेमरीतली जागा) फोडायला घेतला तर _आर असूनही गोंधळ होणार. स्ट्रिंग लिटरल (कोडमध्येच अवतरणात लिहिलेला, न बदलता येणारा मजकूर) दिलं तर लिनक्सवर प्रोग्राम सेगफॉल्ट (मेमरीची चूक) होऊन पडतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक निराळीच. हाती येणारा तुकडा ही नवी प्रत नसते, तो मूळ बफरच्या आतला पॉइंटर असतो. तो तसाच रांगेत टाकला आणि दुसऱ्या थ्रेडनं उचलेपर्यंत ओळ वाचणाऱ्या एफगेट्सनं त्याच बफरमध्ये पुढची ओळ भरली, की हीट नंबर बदललेला दिसतो. तुकडा ठेवायचा असेल तर स्ट्रडप करा, म्हणजे वेगळी प्रत काढा. फ्री करायची, म्हणजे मेमरी परत द्यायची, ती या प्रतीची, किंवा मूळ बफरची. नुसता तुकडा कधीच फ्री करू नये. आमच्या कॉमेंटमध्ये हे वाक्य आता सगळ्यात वर आहे.

रिकामा रकाना हे दुसरं दुखणं. तापमान घ्यायचं राहिलं तर ओळीची सुरुवात येते 'भ२,११८७,,७४२'. लागोपाठचे दोन स्वल्पविराम एकच धरले जातात, इथवर चाराऐवजी तुकडे तीनच निघतात, आणि ७४२ किलो वजन तापमानाच्या रकान्यात जाऊन बसतं. एरर काही येत नाही. इथं स्ट्रसेप हे फंक्शन घ्यावं, ते रिकामा तुकडाही देतं. मात्र ते बीएसडी या युनिक्स प्रकारातलं, पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात नाही. शिवाय आपला पॉइंटरच पुढं सरकवतं, म्हणून फ्रीसाठी मूळ पत्ता आधी जपून ठेवायचा.

मराठी मजकुरासाठी एक ओळ कॉमेंटमध्ये हवीच: दुसरं अर्ग्युमेंट, म्हणजे विभाजक, हा शब्द नव्हे, सुट्या बाइटांचा संच आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) स्वल्पविराम एका बाइटचा, त्यात धोका नाही. पण दंड '।' दिला तर त्याचे (हेक्स आकड्यांत) ई०, ए५ आणि ए४ हे तिन्ही बाइट स्वतंत्र विभाजक ठरतात. प्रत्येक देवनागरी अक्षर ई० नं सुरू होतं, तेव्हा नावाच्या चिंध्या होतात. 'त' चे बाइट ई०, ए४, ए४. तो तर पुरता गायबच होतो.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं स्ट्रटोक_एस याच तीन अर्ग्युमेंटचं आहे. सी११ या सी भाषेच्या मानकाच्या परिशिष्ट 'के'मधलं त्याच नावाचं फंक्शन चार मागतं. मॅक्रोनं (कोडमधलं नाव आपोआप बदलणाऱ्या व्याख्येनं) नाव बदलताना कुठलं घेतलंय ते तिथंच लिहून ठेवा.