ते बेअरिंग माझं नव्हतंच

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पाणी चढत होतं. केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलेलं, पण टेम्पो जात होते म्हणून मीही मोटरसायकल घातली. पाणी गुडघ्याच्या जरा खाली. पहिल्या गिअरमध्ये रेस धरून पलीकडे निघालो, संध्याकाळी तसाच परत आलो. इंजिन बंद पडलं नाही याचंच कौतुक! चाकाचा एक्सल, म्हणजे मधली दांडी, जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतो, म्हणजे दोन्ही हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) दोनदा बुडून निघाले, हे डोक्यातही आलं नाही. असा मूर्खपणा करू नका, पण आज सांगायचंय ते वेगळंच.

पूर ओसरून पंधरा दिवस झाले आणि मागच्या चाकातून घरघर सुरू झाली. पुढे स्पीडोमीटरचा काटाही थरथरायला लागला. रस्त्यात दिसलेल्या एका गॅरेजला गाडी लावली. मिस्त्रीनं डबल स्टँडवर चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, ‘‘सर, पुराची गाडी. बेअरिंग सगळी गेली. एक्सल पण खाल्लेत गंजानं. पुढचं-मागचं एकदमच करून घ्या, नाहीतर चाक जाम होऊन पडाल कुठंतरी.’’

भीती खोटी नव्हती, आणि म्हणूनच मी फसलो. पाणी बेअरिंगमध्ये खरंच शिरतं. ब्रेक मारून तापलेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, मग गंज धरतो. हे सगळं त्यानं मला नीट समजावून सांगितलं. चोराला शास्त्र चांगलं ठाऊक होतं.

मी समोर चहाला गेलो. परत आलो तेव्हा मागचं चाक खोललेलं, आणि पोरानं माझ्या तळहातावर एक बेअरिंग ठेवलं. तांबूस पाणी गळत होतं, फिरवलं की आत वाळू असल्यासारखं करकरत होतं. ‘‘हे तुमच्या पुढच्या चाकातलं.’’ भावाला दाखवायला म्हणून मोबाइलवर फोटो काढला. नंतर तो फोटोच उपयोगी पडला.

बेअरिंग पाच, एक्सल दोन, सील आणि मजुरी मिळून २,३५० रुपये. पावती मागितली तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. घरघर थांबली होती. काटा मात्र तसाच थरथरत होता. ‘‘केबलमध्ये पाणी आहे, सुकलं की जाईल,’’ म्हणाला. ती केबल माझ्या गाडीत पुढच्या चाकातून येते. तिथंच मला कळायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या वळणावर हँडल डुलायला लागलं. जपून, कडेकडेनं खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी पुढचं चाक उचलून धरायला लावलं, एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि हलवलं. टक्-टक्. ‘‘बेअरिंगात खेळ आहे, सैल झालंय. कधी बदललं?’’ ऑगस्टमध्ये, म्हटलं. ते नुसतेच हसले.

एक्सलच्या नटाला पाना लावला आणि पाना सटकला तशी चांदीच्या रंगाची खपली उडाली. खाली तपकिरी गंज. नवा एक्सल म्हणून मी पैसे दिले होते, आणि मिळालं होतं काय, तर नटावर आणि डोक्यावर ब्रशचा एक हात. बाहेर दिसतं तेवढंच रंगवलेलं. एक्सल आतल्या स्पेसरला, म्हणजे दोन बेअरिंगमधल्या नळीला, गंजानं असा धरला होता की डिझेल सोडून, अर्धा तास थांबून, तांब्याच्या रॉडनं ठोकत काढावा लागला. पुढचं चाक ऑगस्टमध्ये खोललंच नव्हतं.

मामांनी काढलेल्या बेअरिंगवर नंबर होता ६३०१. मी मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला. गंजातूनही वाचता येत होतं : ६२०२. मामा म्हणाले, ‘‘शेवटचं ०१ म्हणजे बारा एमएमचं भोक, ०२ म्हणजे पंधराचं. तुमचा पुढचा एक्सल बाराचा. हे तुमच्या पुढच्या चाकात कधी नव्हतंच.’’ दाखवायला ठेवलेलं बेअरिंग होतं ते. माझ्याआधी किती जणांच्या तळहातावर गळलं असेल कोण जाणे.

मागचं चाकही खोललं. एकाच बाजूला नवं बेअरिंग, तेही रबर सील नसलेलं, उघडं. मग घरघर कशी थांबली? ब्रेकच्या ड्रममधला पुराचा गाळ त्यानं धुऊन काढला होता. बराचसा आवाज त्या गाळाचाच होता.

मामांनी बेअरिंग बसवताना मी हललो नाही. दोन्ही बाजूंना रबर सीलचं, बसवताना बाहेरच्या रिंगेवरच ठोका, आतल्या रिंगेवर बसला की नवं बेअरिंगही तिथंच खराब होतं. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर विसरून एक्सल आवळला तर तीच गत. एक्सल पॉलिश पेपरनं घासून ग्रीस लावून आत. ‘‘हे पाण्यातून आल्यावर आठवड्यात करायचं,’’ मामा म्हणाले. ‘‘एक्सल काढा, पुसा, बोटानं बेअरिंग फिरवून बघा. मऊ फिरलं तर बदलायची गरजच नाही. आणि वॉशिंगवाल्याला हबवर प्रेशर मारू देऊ नका, पुरात गेलं नाही ते पाणी तो घालतो.’’ जुनी बेअरिंग त्यांनी न मागता कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

फोटो आणि ती पुडी घेऊन पहिल्या गॅरेजवर गेलो. मिस्त्री शांत होता. ‘‘सर, तुम्ही चहाला गेला होता. पोरानं कुठलं दाखवलं मला काय माहीत? पावती आहे का?’’ कॅलेंडरचा कागद पुढे केला. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना सही, ना गाडीचा नंबर. ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचा तर हातात धरायला काहीच नव्हतं.

शेवटी चारजण जमले तेव्हा त्यानं पाचशेची नोट काढली. वर म्हणाला, ‘‘गाडी ठेवून जावा, ग्रीसिंग फ्रीमध्ये करून देतो.’’