व्यवस्थापकीय लेखांकन : काही महिन्यांच्या अभ्यासानंतरचा अनुभव

वित्तीय लेखांकनाची सवय झालेल्या विद्यार्थ्याला हा विषय सुरुवातीला सैल वाटतो, कारण इथे ताळेबंद जुळल्याचे समाधान नाही, कायद्याने ठरवून दिलेला नमुना नाही आणि अहवाल वाचणारा बाहेरचा भागधारक नसून स्वतः निर्णय घेणारा व्यवस्थापक असतो. सांगलीत बी. कॉम. करताना तो नेटाने अभ्यासल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्याचे खरे मोल सीमांत परिव्यय, म्हणजे जादा माल काढताना वाढणारा खर्च, या प्रकरणात आहे.

पुस्तकातील ‘क्ष’ वस्तूऐवजी मी तासगावकडील बेदाणा घेतला. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षे लागतात. द्राक्षे २५ रुपये किलो आणि डिपिंग ऑइल (द्राक्षे सुकवण्याआधी ज्यात बुडवतात ते तेल), मजुरी, प्रतवारी यांचे ३० रुपये धरले, तर बदलता खर्च किलोमागे १३० रुपये होतो. विक्री १८० रुपयांनी झाल्यास अंशदान, म्हणजे विक्री किंमत वजा बदलता खर्च, ५० रुपये. शेडचे भाडे, राखणदाराचा पगार असा हंगामाचा स्थिर खर्च ४ लाख मानला, तर ८,००० किलोंवर ना नफा ना तोटा. इथपर्यंत सरळ गणित आहे. मात्र १०,००० किलो माल काढणाऱ्याला स्थिर खर्चाचा वाटा धरून एकूण परिव्यय किलोमागे १७० रुपये पडतो, म्हणून १५० रुपये किलोने आलेली जादा मागणी तो नाकारेल. वास्तविक शेडमधील रॅक रिकामे असतील, तर त्यातून किलोमागे २० रुपये सुटतात, कारण भाडे तसेही द्यायचेच आहे. रॅक भरलेले असतील, तर ५० रुपये सोडून २० रुपये पदरात घेतल्यासारखे होईल. शिवाय १५० चा भाव बाजारात फुटला, तर नेहमीचे व्यापारीही तोच मागतील, आणि ही भीती कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

प्रमाण परिव्ययाचे, म्हणजे आधी ठरवलेल्या खर्चाशी प्रत्यक्ष खर्च ताडून पाहण्याचे, प्रकरणही असेच उघडते. १०,००० किलोंसाठी ४०,००० किलो द्राक्षे अपेक्षित असताना ४२,००० लागली आणि ती २४ रुपयांनी मिळाली, तर किमतीचे विचलन (अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील फरक) ४२,००० रुपये अनुकूल, वापराचे ५०,००० रुपये प्रतिकूल. खरेदी करणाऱ्याची पाठ थोपटली जाते आणि शेडवाल्याला जाब विचारला जातो. कमी गोडीची स्वस्त द्राक्षे कोणी आणली, हे विचारायचे राहून जाते.

नाराजी आहे ती अप्रत्यक्ष खर्चाच्या, म्हणजे कोणत्याही एका वस्तूच्या नावे थेट टाकता न येणाऱ्या खर्चाच्या, वाटणीबाबत. यंत्रतासांवर वाटणी केली की एक उत्तर, मजुरीवर केली की दुसरे. तरीही वर्गात उत्तर दोन दशांशांपर्यंत काढून घेतात आणि तोच आधार का निवडला, यावर क्वचितच बोलतात. परीक्षेत गुण तक्त्याच्या मांडणीला मिळतात, त्यामुळे मांडणी घोटून घ्यावीच लागते. अंदाजपत्रकांचा भाग सोपा आहे, फक्त रोख अंदाजपत्रकात उधारीची वसुली महिनावार पसरवताना घाई करू नये. हा विषय निवडणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखीच्या एखाद्या धंद्याचे खर्च मागून घ्यावेत आणि प्रत्येक प्रकरण त्याच आकड्यांवर सोडवावे.