कॉन्टॅक्ट शोधून देणारं क्रोम एक्स्टेन्शन: वर्षभर वापरल्यावर

परवा बँकेचा मेसेज आला: एक्स्टेन्शनच्या वार्षिक प्लॅनचे पैसे कार्डावरून जाणार आहेत, मंजुरी द्या. रक्कम १५,००० रुपयांच्या वर असल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या) नियमाप्रमाणे ओटीपीशिवाय ती कापली जात नाही. मी ओटीपी दिला नाही. का दिला नाही ते सविस्तर लिहितेय, कारण घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यात लिहिलेले होते आणि पहिल्या आठवड्यात हे टूल सगळ्यांनाच आवडतं.

टूलचं नाव लिहीत नाही. लिंक्डइनवर एखाद्याचं प्रोफाइल उघडलं की उजवीकडे पट्टी येते, बटण दाबलं की प्लॅनमधलं एक क्रेडिट जातं आणि त्या माणसाचा ईमेल किंवा मोबाइल दिसतो. आमचा धंदा कटिंग ऑइल आणि कूलंटचा. गिऱ्हाईक म्हणजे भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज आणि कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव इथली मशीन शॉप. आम्हाला हवा असतो परचेसचा माणूस, नाहीतर प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्सचा.

माझा सगळा राग आहे तो ईमेलपुढे येणाऱ्या हिरव्या टिकमार्कवर. तो दिसला की पत्ता तपासलेला आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळदा टूलकडे पत्ता नसतोच. त्या कंपनीत पत्ते कसे बनवतात ते त्याला ठाऊक असतं, म्हणजे नाव डॉट आडनाव, किंवा पहिलं अक्षर आणि आडनाव. त्यावरून ते पत्ता तयार करतं आणि कंपनीच्या मेल सर्व्हरला विचारतं, असा मेलबॉक्स आहे का? मेल पाठवत नाही, फक्त पत्ता सांगून परत फिरतं. सर्व्हरने २५० असं उत्तर दिलं तर पत्ता आहे, ५५० दिलं तर नाही. इथवर ठीक. पण कितीतरी कंपन्यांचे सर्व्हर ‘कॅच-ऑल’ असतात. त्या डोमेनवर कोणाच्याही नावाने काहीही आलं तरी दारात सगळं घेतात, आत मेलबॉक्स असो वा नसो. अशा सर्व्हरच्या होकाराला काही अर्थ नाही.

हे पडताळायला मी चाकणच्या एका ऑटो पार्ट कंपनीच्या डोमेनवर मनानेच रचलेलं नाव आणि आडनाव टाकून बघितलं. अशा नावाचा माणूस त्या कंपनीत असणं शक्यच नव्हतं. पट्टीवर दोन सेकंद चक्र फिरलं, हिरवा टिकमार्क आला, खाली ‘व्हेरिफाइड’ लिहून आलं आणि वरच्या कोपऱ्यातलं क्रेडिट एकाने कमी झालं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कुणी म्हणेल, एका क्रेडिटचं काय एवढं. प्रश्न क्रेडिटपाशी थांबत नाही. असा मेल गेला की पुढचा सर्व्हर तो आधी घेतो आणि मग परत पाठवतो. असे बाउन्स साचले की आपल्या डोमेनची पत घसरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू जास्तच कडक झालेत. मेल खरंच आपल्याच डोमेनवरून गेलाय हे दाखवणारं एसपीएफ, डीकेआयएम नीट लावलेलं हवं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खालीच राहिल्या पाहिजेत. सगळ्यात कडक अटी रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत आणि आम्ही त्यातले नाही, पण डोमेनची पत लहान-मोठ्या सगळ्यांचीच बघितली जाते. आमच्याकडे झालं असं की दर महिन्याला बॅरल घेणाऱ्या भोसरीच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, “मॅडम, कोटेशन पाठवते म्हणालात, कुठंय?” कोटेशन आदल्या दिवशीच गेलेलं होतं. ते त्यांच्या स्पॅममध्ये सापडलं. नवीन गिऱ्हाईक शोधायच्या नादात जुन्याचा माल अडला. त्यानंतर अनोळखी लोकांना जाणाऱ्या मेलसाठी आम्ही वेगळं डोमेन घेतलं, त्याचा वर्षाचा खर्च वेगळा.

सपोर्टशी मी या टिकमार्कवरून बरंच भांडले. चॅटवर त्यांचं उत्तर ठरलेलं: सर्व्हरने पत्ता स्वीकारला, म्हणजे तो वैध, म्हणून क्रेडिट परत नाही. मी स्क्रीनशॉट पाठवला, तर तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. कॅच-ऑल डोमेन ओळखणं अजिबात अवघड नाही. अशक्य वाटेल असा एक पत्ता विचारायचा, त्यालाही हो आलं की कळलंच. दुसऱ्या कित्येक तपासणी सेवा असे पत्ते वेगळ्या रंगात दाखवतात. इथे हिरव्यातच घातलेत, कारण हिरव्याचे पैसे घेता येतात. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

पैशांचं बघा. बिल डॉलरमध्ये. त्यावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा आकार, त्या मार्कअपवर जीएसटी. परदेशातून घेतलेली सेवा म्हणून १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जमध्ये आपणच भरायचा, तोही रोखीने. भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) नंतर मिळते, पण पैसे खिशातून आधी जातात. आणि टूलची न वापरलेली क्रेडिटं महिनाअखेरीला संपतात.

हे सगळं मी पावसाळ्यात लिहिलं असतं तर इथेच ‘घेऊ नका’ म्हणून थांबले असते. दिवाळीनंतर मत थोडं बदललं. टूलमध्ये नोकरी बदलल्याची सूचना देणारी एक सोय आहे, जी मी सुरुवातीला चालूच केली नव्हती. ती लावली आणि काही दिवसांत कळलं की वाळूजला आमचा माल घेणारे परचेसचे साहेब रांजणगावच्या दुसऱ्या प्लांटला गेलेत. त्यांचा नंबर माझ्याकडे होताच. फोन केला, ओळख जुनी, व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आठवड्यात हातात आला. ट्रायल बॅरल गेलं, मग ऑर्डर. या एका ऑर्डरने प्लॅनचे पैसे निघाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्याकडे माणूस कंपनी बदलतो पण मोबाइल नंबर बदलत नाही, म्हणून ही सूचना इथे फारच कामाची आहे. टूलने दिलेल्या नव्या नंबरांपेक्षा कितीतरी जास्त.

दुसरं काम ते चांगलं करतं ते माणूस ओळखण्याचं. मोठ्या प्लांटमध्ये ऑइलचा निर्णय परचेस घेतं की प्लांटची टूल रूम, हे बाहेरून कळत नाही. तिथे कोण कुठल्या पदावर आहे याची यादी टूल एका जागी देतं. नाव हातात आलं की पुढचं काम कंपनीच्या टेलिफोन बोर्डावरच्या ताई करतात: “परचेसला जोडून द्या” म्हटलं तर अडवतात, साहेबांचं नाव घेतलं तर जोडतात.

लहान युनिटांसाठी मात्र पैसे घालू नका. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांचा खरा पत्ता रेडिफमेल नाहीतर जीमेलवर असतो. टूल कंपनीच्या डोमेनवर पत्ता रचून देतं आणि तो कुणी उघडतच नाही. त्यापेक्षा कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर मास्टर डेटा (कंपनीच्या नोंदणीची माहिती) बघा, जीएसटी पोर्टलवर पत्ता पडताळा, किंवा गूगलवर कंपनीचं नाव आणि ‘टेंडर पीडीएफ’ टाका. टेंडरच्या कागदावर अधिकाऱ्याचं नाव आणि ऑफिसचा फोन छापलेला असतो. वेळ जातो, पण फुकट आहे आणि खरं आहे.

मोबाइल नंबर मिळाला म्हणून लगेच फोन करत सुटू नका. समोरच्याने डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) लावलंय का हे माझं टूल सांगत नाही. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे फोन केले आणि तक्रारी झाल्या तर आपला नंबर अडकतो. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२५ मध्ये नियम आणखी आवळले: दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरेशा. नंबर येतात कुठून हेही विचारायला हवं. फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कॅस्पर या अशाच एक्स्टेन्शनला २,४०,००० युरो दंड केला, कारण ज्यांनी लिंक्डइनवर आपली माहिती मर्यादित लोकांनाच दिसेल असं ठेवलं होतं त्यांचीही माहिती गोळा केली होती. माझं टूल वेगळं आहे, पण मी “हा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?” असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, “आमचे भागीदार.” आपल्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. उद्या एखाद्या साहेबांनी हाच प्रश्न मला विचारला, तर ‘भागीदार’ हे उत्तर मी देऊ शकत नाही. म्हणून आता आम्ही पहिला फोन बोर्डावरच करतो.

एक सेटिंग आजच बदला. इन्स्टॉल करताना हे एक्स्टेन्शन सगळ्या साइटवरची माहिती वाचायची परवानगी घेतं. माझ्या नेटबँकिंगच्या पानावरही त्याचा गोल आयकॉन तरंगत होता. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन साइट अ‍ॅक्सेस ‘क्लिक केल्यावरच’ असा करा. लिंक्डइनच्या करारात असल्या एक्स्टेन्शनना मनाई आहे हेही ध्यानात ठेवा. धंद्याचं मुख्य अकाउंट त्यात घालू नका.

आता वार्षिक प्लॅन नाही. जानेवारीत बंगळुरूला आयएमटेक्स हे मशीन टूलचं प्रदर्शन असतं, त्याच्या आधीच्या महिन्यापुरता मासिक प्लॅन घेणार, कोण स्टॉलवर येणार याची यादी करायला. मोठ्या प्लांटना माल विकणाऱ्यांनीही तसंच करावं, आणि नोकरी बदलल्याची सूचना पहिल्याच दिवशी चालू करावी. प्लॅन संपायच्या आत सगळी यादी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) उतरवून घ्या. माझा संपला तेव्हा पैसे मोजून उघडलेले कॉन्टॅक्टही पुन्हा झाकले गेले.