शॉकअप गळतोय: पट्टी फिरवू की सील बदलू?

बाईकच्या पुढच्या शॉकअपच्या पाईपवर तेलाची रिंग दिसली की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘पट्टी फिरव’ नाहीतर ‘सील टाकून घे’. सील म्हणजे तेल आत अडवणारं रबरी कडं. मी दोन्ही करून बसलोय, तेही एकाच गाडीवर.

राहायला चिपळूण, रोज गुहागरच्या बाजूला जाणं-येणं. पावसाळ्यात तांबडा चिखल पाईपवर उडतो, वाळतो आणि शॉकअप दबला की सीलच्या ओठाखाली जातो. पुष्कळदा सील फाटलेलं नसतंच, नुसता कण अडकलेला असतो.

पट्टी म्हणजे जुनी निगेटिव्ह किंवा एक्स-रेची फिल्म. मी आईच्या गुडघ्याचा एक्स-रे कापला. टोकाला हुकासारखा छोटा आकडा ठेवला, डस्ट सील (वरचं धूळ अडवणारं रबर) हळूच वर सरकवलं, पट्टी पाईपला चिकटवून सीलच्या आत घातली आणि गोल फिरवून बाहेर ओढली. पहिल्याच फेरीत काळी राड निघाली. पाईप पुसला, पुढचा ब्रेक धरून दहा-बारा वेळा दाबलं, पुन्हा पुसला. अर्ध्या तासाचं काम. तो पावसाळा कोरडा गेला, म्हणजे शॉकअपपुरता.

पुढच्या वर्षी दुसरी बाजू गळली तेव्हा आळस केला आणि गाडी गॅरेजला दिली. दोन्हीकडे नवी सीलं, नवं तेल. काम वाईट नव्हतं. जुनं तेल राखाडी पाण्यासारखं झालं होतं. ते बदलल्यावर ब्रेक मारला की पुढचा भाग भसकन बुडायचा, ते थांबलं. हे सुख पट्टीनं मिळत नाही, मान्य.

पण हँडल! गाडी सरळ, हँडल किंचित डावीकडे. कुंभार्ली घाट चढताना वाटायचं, मीच वाकडा बसलोय. दोनदा परत नेली, दोनदा ‘होईल सेट’ ऐकून आलो. महिन्याभरानं एका रविवारी स्वतःच चाक गुडघ्यांत धरलं, शॉकअपचे पाईप पकडणाऱ्या खालच्या क्लॅम्पचे बोल्ट आणि चाकाचा ॲक्सल किंचित सैल केले, हँडल सरळ करून बोल्ट कसले, मग शॉकअप चारदा दाबून ॲक्सल कसला. दहा मिनिटं लागली. तो महिना मात्र अजून डोक्यात आहे.

त्यामुळे शॉकअप खोलायची वेळ येईतो मी तरी पट्टीवरच भागवीन. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅड धरणाऱ्या कॅलिपरपर्यंत उतरलं असेल तर मात्र खेळ नको. पॅड तेल पितात, मग तेही बदलावे लागतात. आणि पाईपवरून नख फिरवून बघा. समुद्राच्या हवेत गंजाचे बारीक खड्डे पडतात, नख अडकतं. तिथे पट्टीही व्यर्थ आणि नुसतं नवं सीलही. आधी पाईपचं बघावं लागतं. तुमच्याकडे मापानं तेल भरणारा आणि हँडल तपासूनच गाडी ताब्यात देणारा मेकॅनिक असेल, तर तुमचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

माझी पट्टी सीटखाली टूलकिटमध्ये असते. आई परवा तो एक्स-रे शोधत होती.