अंगणवाडी की साइटवरचं पाळणाघर?

स्वारगेटला पुलाखाली राहणाऱ्या बिगारी जोडप्याची दोन लेकरं दिवसभर कुठे ठेवावीत, असं एका ओळखीच्या ताईंनी विचारलं.

खरा प्रश्न वेळेचा. अंगणवाडी काही तासांत सुटते, आई परतते संध्याकाळी. बांधकामाच्या साइटवरचं पाळणाघर, जसं 'तारा मोबाइल क्रेशेस' या पुण्यातल्या संस्थेचं, कामाच्या वेळेशी जुळतं. तान्हं असेल तर मध्येच जाऊन पाजताही येतं.

खाण्याचं बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम जेवण फुकट. तीनच्या आतल्यांना मात्र घरी न्यायचा शिधा. आता फुटपाथवर चूल कुठे मांडायची?

टिकण्यात पाळणाघर कच्चं. इमारत झाली की ते हललं. शिवाय २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ते पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथेच सक्तीचं होतं.

मोठ्या साइटवर महिनोन्‌महिने काम आणि मूल लहान, तर पाळणाघर. मजूर अड्ड्यावर रोज नवा मालक, मूल तीनच्या पुढचं आणि दुपारनंतर सांभाळायला आजी, तर अंगणवाडी. सहा पूर्ण झालेल्याला सरळ महापालिकेच्या शाळेत घाला. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.