आठवड्याच्या विषयासाठी एकच लेन्स: कॅनन ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम

आठवड्याला एक विषय घ्यायचा (सावली, प्रतिबिंब, लाल, दार) आणि रोजची कामं करता करता त्यावर फोटो काढायचे, असं ठरवलेल्या माणसाला लेन्सकडून दोन गोष्टी हव्या असतात. कॅमेरा बरोबर न्यायचा कंटाळा येऊ नये आणि हाताशी असलेल्या वस्तूच्या अगदी जवळ जाता यावं. अपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र; एफ/चा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) किती मोठं, हे त्यानंतर. २०१४ साली आलेली ही लेन्स या कामात ५० मिमी एफ/१.८ पेक्षा सरस आहे, जरी पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) म्हणून बहुतेकांना ५० मिमीच सुचवली जाते.

वजन १२५ ग्रॅम, जाडी २२.८ मिमी. लेन्स लावलेला छोटा डीएसएलआर ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी मावतो. एपीएस-सी या लहान सेन्सरवर तिचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ३८ मिमीइतका, म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहूनही ओटा, खिडकी आणि माणूस एका चौकटीत येतात. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिमी ८० मिमीसारखी वागते आणि मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते.

खरी कमाल जवळच्या फोकसची. ५० मिमीचं एसटीएम मॉडेल ३५ सेंमीच्या आत फोकस करत नाही, ही १६ सेंमीवर करते. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, त्यामुळे लेन्सच्या तोंडापासून वस्तू जेमतेम ९ सेंमीवर असते. त्या अंतरावर साधारण ८ सेंमी रुंदीचा भाग चौकट भरतो: किल्ल्यांचा जुडगा, कपाचा कान, शर्टाची दोन बटणं. ‘पोत’ किंवा ‘गोल’ असा विषय असेल तर आणखी काही लागत नाही. मात्र इतक्या जवळ एफ/२.८ ला जेमतेम २ मिमी खोली स्पष्ट येते आणि एफ/८ ला ५ मिमीच्या आसपास. वस्तू तिरकी असेल तर अर्धी धूसर होणारच; सेन्सर तिला समांतर धरा किंवा एफ/८ वर या. दुसरी अडचण सावलीची. दिवा डोक्यावर असेल तर कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते. खिडकीचा बाजूने येणारा उजेड घ्या आणि दिवा बंद करा, म्हणजे दोन रंगांच्या उजेडाची सरमिसळही टळते.

‘प्रतिबिंब’ या विषयात फोटो बिघडतो तो फोकस काचेवर बसल्यामुळे. आरसा १ मीटरवर आणि माणूस आरशापासून २ मीटरवर असेल तर फोकस ३ मीटरला हवा. फोकस पॉइंट एकच ठेवून तो प्रतिबिंबातल्या डोळ्यावर आणा. ‘लाल’मध्ये वेगळीच गोम: लाल चॅनेल (फोटोतली लाल रंगाची माहिती) आधी भरून जातो आणि फुलाच्या पाकळ्यांचा सपाट गोळा होतो. साधा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) हे लपवतो, तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम दाखवतो. एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी करा (१ स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ‘सावली’साठी तर पूर्ण १ स्टॉपही कमी चालतो. संध्याकाळच्या उजेडाचा रंग हवा असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवा.

उणिवा आहेतच. स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं भरून काढणारी सोय) नाही, त्यामुळे हातात धरून शटर १/६० सेकंदाच्या खाली जाताना भरवसा नको. हलणाऱ्या पोरांसाठी १/२५० हवं आणि मग रात्री घरात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० च्याही वर जावं लागतं. स्वस्त एलईडी दिव्याखाली वेगवान शटरवर आडवे पट्टे दिसले तर दोष लेन्सचा नव्हे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्‌झवर १/६० किंवा १/१२५. एफ/२.८ ला कोपरे काळवंडतात. एफ/४ ला बरंच सुधारतं, आणि घरगुती फोटोंत ते क्वचितच खटकतं. मॅन्युअल फोकसची रिंग मोटरमार्फत चालते, कॅमेरा बंद असताना ती फिरवून काही होत नाही. चेहरा अर्ध्या मीटरवरून टिपला तर नाक मोठं दिसतं. व्यक्तिचित्रांसाठी मात्र ५० मिमीच घ्या.

ही लेन्स कॅननच्या फुल-फ्रेम डीएसएलआरला बसत नाही. कॅननच्या आरएफ माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडाच्या) मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून चालते, पण अडॅप्टरच २४ मिमी जाड असतो, म्हणजे पातळपणाचा सगळा फायदा गेला. तिथे त्याच माउंटची लेन्स बघा. डीएसएलआर वापरणाऱ्यांनी जुनी घेताना लेन्स एफ/२.८ वर ठेवून विटांच्या भिंतीचा समोरून एक फोटो काढून बघावा. एक बाजू दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता आहे. फिल्टर ५२ मिमीचा लागतो.