मातीचा कंपोस्ट सेट, आठ महिने वापरून (नाशिक, चौथा मजला)

आधीच सांगते, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा हा सेट चांगला आहे, सोबतची पावडर फालतू आहे, आणि सगळ्यात मोठी चूक माझी, की मी हे जूनमध्ये सुरू केलं.

तीन मडकी एकावर एक, वरच्या दोघांना तळाला जाळी, वर झाकण. सगळं मिळून २४०० ला पडलं, त्यात कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सुक्या भुशाची, एक वीट आणि मायक्रोब पावडरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पिशवी. घरात आम्ही चौघं, एक पूर्वेची गॅलरी. वरचं मडकं भरलं की ते मधे सरकवायचं, मधलं खाली, रिकामं वर. ऐकायला सोपं वाटतं पण भरलेलं मडकं उचलताना कंबरेचे हाल होतात, हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, आमच्याकडे हे काम नवऱ्याकडे आहे.

पहिले पंधरा दिवस एकदम मस्त गेले. मग पाऊस लागला आणि जुलैत जे काही झालं ते सांगतेच. हवाच इतकी दमट की आत काहीच सुकत नव्हतं, मी मात्र पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे चमचा चमचा पावडर टाकत होते, वरून रोज काकडी, दुधी, भिजलेल्या पालेभाज्यांची देठं. वास सुरू झाला, सडक्या अंड्यासारखा. विकणाऱ्यांच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे मॅडम पावडर डबल करा, म्हणजे अजून दोन पिशव्या घ्या. घेतल्या पण मी, काय सांगू. एक दिवस खालच्या काकूंचा फोन, अगं तुमच्याकडून काळं पाणी गळतंय, माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर! वर जाऊन माफी मागायची सोय नाही, खाली जाऊन मागितली.

आणि त्याच आठवड्यात आळ्या. राखाडी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या. रात्री अकराला सासूबाई पाणी प्यायला उठल्या तर त्या आळ्या रांगेनं गॅलरीतून हॉलमध्ये निघालेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ट्यूबलाइट लावून सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर कळलं की ही ब्लॅक सोल्जर फ्लायची पिल्लं, चावत नाहीत, रोगराई आणत नाहीत, उलट कचरा भराभर खातात, आणि कोष करायची वेळ आली की कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. म्हणजे आमचा हॉल त्यांना कोरडा वाटला, एवढंच. पण रात्री अकराला हे ज्ञान काय कामाचं.

उपाय शेवटी निघाला तो फुकटातला. आमच्या बिल्डिंगच्या मागे देशी बदामाचं मोठं झाड आहे, त्याची वाळकी पानं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर, पाणी भरपूर, कार्बन कमी, आणि मधून हवा खेळायला जागा नाही, म्हणून सडतं. सुकं घातलं की सगळं जमतं. मी आता एक वाडगा ओलं तर दीड-दोन वाडगे सुकं घालते, बदामाची पानं हाताने चुरून, कारण अख्खं पान चामड्यासारखं असतं, महिनोन्महिने तसंच राहतं. गुलमोहराची बारीक पानं सगळ्यात बेस्ट. सुताराकडचा भुसा आणायचा तर साध्या लाकडाचा आणा, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. मुठीत दाबून बघायचं, एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर अजून पानं. पावडर बंद करून पाच महिने झाले, कधीमधी आंबट ताक शिंपडते, मधल्या मडक्यात हात घातला तर गरम लागतं, म्हणजे आत काम चालू आहे.

काही गोष्टी अनुभवाने कळल्या. आपला चहा दुधासाखरेचा, त्याचा चोथा तसाच टाकला की मुंग्यांची जत्रा, म्हणून गाळणीतच पाण्याखाली धरते. शेवग्याच्या शेंगांचा चघळलेला चोथा लवकर जिरत नाही. आंब्याची कोय, करवंटी अजिबात नको. चार शितं, अर्धी पोळी चालते, रस्सा नाही, मासळी-मटण तर नाहीच. मडक्याला बाहेरून पांढरे डाग येतात, ते क्षार, घासत बसू नका. गणपतीतलं निर्माल्य सगळं घातलं, दोरे आणि चमकी काढायला मात्र एक अख्खी दुपार गेली.

पहिलं खत दिवाळीच्या आसपास निघालं. मधे एकदा आठवडाभर भाजीच्या काट्यावर मोजलं होतं, साधारण पाच किलो ओला कचरा निघतो आमचा, त्या मानाने हातात येतं ते फारच थोडं, पाणी उडून जातं ना. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. सासूबाईंनी चिमटीत घेऊन हुंगलं, आणि स्वतःच्या तुळशीत घातलं.

सुक्या कचऱ्याचं म्हणाल तर २०१६ च्या नियमांनीच ओला, सुका, घातक असं घरातच वेगळं करायला सांगितलं होतं, पण माझं ते आत्ता कुठे सुरू झालं. ओलं निघून गेल्यावर बादलीत दुधाच्या पिशव्याच पिशव्या दिसायला लागल्या! त्या धुवून दोरीला चिमट्याने लावते, आणि कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडत नाही, ते बारके तुकडे कुणाच्याच हाती लागत नाहीत. भंगारवाला पुठ्ठा, रद्दी, जाड प्लास्टिक नेतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना हातही लावत नाही, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ती घंटागाडीतच जातात.

घ्यावा का? गॅलरी असेल आणि सुकी पानं कुठून मिळणार याचं उत्तर आधीच तयार असेल तर हो. नसेल तर कोकोपीट विकत घेत बसाल. आणि जूनमध्ये नका सुरू करू, दिवाळीनंतर करा. आमच्याकडे सध्या बदामाची पानगळ चालू आहे, लाल पानांचा सडा पडतो, झाडणाऱ्या मावशी जाळण्याऐवजी मला बाजूला काढून ठेवतात. गच्चीवर चार गोण्या भरून वर ताडपत्री टाकलीय, जुलैला पुरतील असं वाटतंय, तरी अजून दोन भरणार आहे.